अलिबागचा शनिवार-रविवार: दोन लहान मुलं, एक किल्ला आणि भरती-ओहोटीचं गणित

आमचा थोरला सहा वर्षांचा आणि धाकटी अडीच. मुलगी चालायला लागल्यापासून आम्ही ठाण्याहून चार वेळा अलिबागला गेलो. पहिली खेप अक्षरशः धावपळीत गेली, चौथी इतकी निवांत झाली की निघताना दोघंही रडली. मधल्या काळात जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांना दोन लहानग्यांना घेऊन पहिल्यांदाच दोन दिवस बाहेर पडायचं आहे, त्यांच्यासाठी हे आहे. मुलं दीड ते आठ वर्षांची असतील तर यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते. लहान मुलांच्या भुकेची आणि झोपेची वेळ ठरलेली असते, ती आपल्याला हलवता येत नाही. समुद्राचीही वेळ ठरलेली असते, तीही हलवता येत नाही. ही दोन वेळापत्रकं एकमेकांशी जुळतील असा शनिवार-रविवार शोधायचा. तो सापडला की बाकीचं सोपं आहे.

आधी पंचांग, मग बुकिंग

बहुतेक जण आधी खोली बघतात आणि मग तिथे पोहोचल्यावर कळतं की दोन्ही दिवस भरदुपारी पाणी चढलेलं आहे, अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी बघणं.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल ती भरतीची वेळ. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी आणि पहाटे सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी आणि रात्री साडेआठच्या आसपास. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून सुरू करायची. हे गणित अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतं, पण दोन महिने आधी तारीख ठरवायला ते पुरेसं आहे. जायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर त्या दिवसाची नेमकी वेळ बघून घ्यायची.

आता यातून मुलांच्या सोयीचा दिवस कसा काढायचा? आमची मुलं सकाळी साडेसातपर्यंत खाऊन तयार असतात आणि साडेअकराला धाकटी पेंगायला लागते. म्हणजे किल्ल्यासाठी ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या मध्ये हवी. तृतीया, चतुर्थी, पंचमी या तिथींना ती नेमकी तिथे येते. त्यामुळे रविवारी यांपैकी एखादी तिथी असेल असा आठवडा आम्ही धरतो. थंडीच्या दिवसांत द्वादशी-त्रयोदशीही चालते. तेव्हा ओहोटी दुपारी सव्वातीन-चारला असते, मुलांची झोप झालेली असते आणि ऊन उतरू लागलेलं असतं. मात्र संध्याकाळी किल्ला बंद होतो, म्हणून तेव्हा रेंगाळता येत नाही.

सप्तमी-अष्टमी-नवमी हे भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस. ओहोटी दुपारी बाराच्या आसपास येते, आणि पाणी फारसं मागे हटतच नाही. किल्ल्याच्या वाटेवरची खाच तेव्हा पुरती कोरडी पडत नाही. पण किल्ला बघायचा नसेल, नुसतं किनाऱ्यावर खेळायचं असेल, तर हेच दिवस चांगले. पाण्याची चढउतार कमी असते आणि ओढही बेताची असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचं उधाण मात्र मोठ्या माणसांनी बघायचं, मुलांना त्यात उतरवायचं नाही.

थोरल्याला हे गणित फार आवडलं आहे. पाऊणपट त्याला येत नाही, पण एकेका तिथीला पाऊण तास असं बोटांवर मोजत तो भरतीची वेळ काढतो आणि मग मोबाइलवर ताडून बघतो.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरं. पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन या समुद्राच्या वाटेला जाऊ नये. पावसाळा सरता सरता किनाऱ्यावर निळसर फुग्यांसारखे जेलीफिश वाहून येतात, त्यामुळे सप्टेंबरही आम्ही टाळतो.

राहायची जागा: फोनवर विचारायचे प्रश्न

अलिबाग गावाच्या किनाऱ्यावर गर्दी असते आणि वाळू काळपट, घट्ट आहे. राहायला आम्ही दक्षिणेकडे आक्षी किंवा नागावला जातो. नागाव अलिबागपासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे, आक्षी त्याच्या अलीकडे. नारळ-सुपारीच्या वाड्यांमध्ये घरगुती राहण्याची सोय मिळते आणि किनाऱ्यालगत सुरूची झाडं असल्याने सावली आहे. शांतता हवी असेल तर आक्षी निवडा. नागावला शनिवारी दुपारनंतर मोटारबोटी, उंट-घोडे आणि वाळूत धावणाऱ्या चारचाकी गाड्या यांचा गलबला असतो.

जागा बुक करताना फोटो बघून भुलू नका, फोन करा. माझे प्रश्न ठरलेले आहेत.

वाडीत विहीर आहे का, आणि तिला कठडा किंवा जाळी आहे का? हा प्रश्न कुणाला सुचत नाही, पण इथे जवळपास प्रत्येक वाडीत विहीर असते आणि काही विहिरींचे काठ गुडघ्याएवढेच असतात. अडीच वर्षांचं मूल डोकावायला जाणारच. जाळी नसेल तर ती जागा सोडून द्या, कितीही सुंदर असली तरी.

खोली तळमजल्यावर आहे का? जिना असला की एक माणूस दिवसभर जिन्यापाशीच अडकतो.

संध्याकाळी साडेसहा-सातला मुलांपुरता मऊ वरणभात मिळेल का? मोठ्यांचं जेवण नऊला झालं तरी चालतं, मुलांचं नाही. घरगुती ठिकाणच्या मावशी आनंदाने करून देतात, फक्त दुपारीच सांगून ठेवायला हवं.

किनाऱ्यापर्यंत चालत किती वेळ लागतो? ‘पाच मिनिटं’ असं उत्तर आलं तर विचारा, मध्ये मोठा रस्ता ओलांडावा लागतो का. दर वेळी गाडी काढावी लागली तर दिवसातून दोनदा समुद्रावर जाणं होत नाही, आणि मुलांसाठी दोनदा जाणंच बरं. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास, मध्ये जेवण आणि झोप.

पोहोचल्यावर पहिल्यांदा वर बघा. नारळाच्या झाडाखाली झोपाळा किंवा बाज टाकलेली असेल तर ती सरकवून घ्या. झावळी आणि नारळ दोन्ही न सांगता पडतात.

जायचं कसं

मुंबई-ठाण्याकडच्यांना तीन वाटा आहेत.

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याची बोट साधारण तासाभरात पोहोचते. पुढे अलिबागपर्यंत वीसेक किलोमीटरचा बसप्रवास बहुतेकदा त्याच तिकिटात धरलेला असतो. मुलांसाठी ही सहल बोटीतच सुरू होते. थंडीत बोटीमागे कुरव पक्ष्यांचे थवे लागतात. लोक त्यांना वेफर्स टाकतात, तुम्ही टाकू नका आणि मुलांनाही नको म्हणून सांगा, पक्ष्यांच्या पोटाला ते चांगलं नसतं. ही बोट पावसाळ्यात बंद असते.

भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो २०२० साली सुरू झाली. गाडी बोटीत चढवायची आणि आपण वरच्या मजल्यावर जाऊन बसायचं. दोन मुलं, त्यांचं सामान, गाडीतली बालखुर्ची हे सगळं असेल तर माझं मत रो-रोला. शनिवार सकाळची फेरी मात्र आठवडाभर आधी काढून ठेवा, आणि परतीचीही त्याच वेळी.

रस्त्याने यायचं तर पनवेल, पेण, वडखळ आणि अलिबाग. २०२४ पासून शिवडीहून अटल सेतूने पलीकडे जाता येत असल्याने मुंबईकरांचा पनवेलचा वळसा वाचतो. पुण्याकडून येणारे खोपोली-पेण मार्गे येतात. शनिवारी सकाळी सातच्या आत वडखळ मागे टाकायचं, हे पक्कं धरा. आठनंतर तिथे अडकलात तर मागच्या सीटवर काय होतं ते मी सांगायला नको. परतताना रस्त्यानेच असाल तर पेणला थांबा. गणपतीच्या मूर्तींचे कारखाने वर्षभर चालू असतात आणि विनंती केली तर मुलांना बघू देतात. रंग न दिलेल्या पांढऱ्या गणपतींच्या रांगा बघून आमची धाकटी हळूच म्हणाली होती, “सगळे बाप्पा झोपलेत.”

बोट लागणाऱ्या मुलाला निघण्याआधी दूध देऊ नका. कोरडी पोळी किंवा एखादा राजगिऱ्याचा लाडू पुरे. बोटीत त्याला लांब क्षितिजाकडे बघायला लावा, मोबाइल हातात देऊ नका. एक सुटी प्लॅस्टिकची पिशवी आणि ओला रुमाल आपल्या खिशात असू द्या. बॅगेत नको, खिशातच.

बॅगेत काय

याची मोठी यादी करत नाही, जे खरोखर कामाला आलं तेवढंच सांगते.

जुना सुती पंचा किंवा मऊ साडीचा तुकडा टॉवेलपेक्षा बरा. वाळू चिकटत नाही, लगेच वाळतो, बोटीत पांघरायला होतो आणि किनाऱ्यावर कपडे बदलताना आडोसाही होतो. टाल्कम पावडरची लहान डबी घ्या. ओल्या पायांवरची वाळू पावडर टाकून हाताने झाडली की सहज गळून पडते, अंग पुसताना खरवडत नाही. मागे पट्टा असलेल्या रबरी चपला घ्या, कारण साध्या स्लिपर चिखलात रुततात आणि लाटेबरोबर निघून जातात. टोपी हनुवटीखाली बांधायच्या नाडीची असावी. ओआरएसची पाकिटं, तापाचं डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषध, डासांसाठी मलम आणि मच्छरदाणी. वाडीत संध्याकाळी सहानंतर डास फार असतात.

खेळणी एकच न्या: प्रत्येकाला एक बादली, एक फावडं, आणि रंग दोघांचे एकसारखेच. लाल बादली कुणाची यावरून आमच्याकडे एक आख्खी संध्याकाळ गेली आहे.

शनिवार: फक्त किनारा

शनिवारी पोहोचायला अकरा-साडेअकरा होतात. लगेच समुद्रावर पळू नका. मुलं कितीही ओढू देत, आधी हातपाय धुणं, जेवण, झोप. बारा ते साडेतीन हे ऊन त्यांच्या अंगावर घ्यायचं नाही. चारला चहा-दूध झालं की निघायचं.

किनाऱ्यावर उतरल्यावर पहिलं काम म्हणजे माणसं वाटून घेणं. एका मुलामागे एक मोठं माणूस, नाव घेऊन ठरवायचं: “मी हिच्याकडे, तू त्याच्याकडे.” ‘आम्ही दोघं आहोत ना’ यात गोची होते. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. मूल पाण्यात असताना मोठ्या माणसाने समुद्राच्या बाजूला उभं राहायचं आणि मुलाने किनाऱ्याच्या बाजूला. पाणी घोट्यापर्यंत, फार तर मुलाच्या पोटरीपर्यंत. पाणी उतरत असताना, म्हणजे ओहोटी लागलेली असताना, आत जायचंच नाही, कारण तेव्हा ओढ बाहेरच्या दिशेने असते. वाळू बघून हे ओळखता येतं. लाटेपुढे ओल्या वाळूचा पट्टा वाढत चालला असेल तर पाणी उतरतंय, कोरडी वाळू भिजत चालली असेल तर चढतंय. नागावला गाड्या आणि घोडे धावतात त्या पट्ट्यापासून दूर, सुरूच्या बनाच्या एका टोकाला जागा धरा.

पाणी उतरत असलं म्हणून संध्याकाळ वाया जात नाही, उलट खरी गंमत तेव्हाच असते. ओल्या वाळूवर तुम्हाला मटाराएवढ्या, किंवा त्याहून बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल. मध्ये एक बोटाएवढं भोक आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या गोळ्यांच्या रांगा. मुलांना सांगा, दोन हात लांब उकिडवं बसा आणि हलू नका. मनात पन्नासपर्यंत मोजा. आधी भोकाच्या तोंडाशी दोन बारीक काड्यांसारखे डोळे येतात. मग हाताच्या नखाएवढा खेकडा तिरका तिरका बाहेर सरकतो, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाकडे ढकलतो, वाळूतलं खाण्याजोगं तेवढं गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. गोळी टाकली की एक पाऊल पुढे. सावली हलली की गडप. माझी धाकटी, जी घरी पाच मिनिटं एका जागी बसत नाही, ती तिथे अंधार पडेपर्यंत उकिडवी बसली होती. एकेक गोळी पडली की कुजबुजत होती, “अजून एक लाडू.” पुढच्या भरतीत सगळी नक्षी पुसली जाते आणि दुसऱ्या दिवशी खेकडे पुन्हा नव्याने मांडतात, हेही तिला सांगितलं. सकाळी उठल्या उठल्या तिने तेच विचारलं.

शंख वेचू द्या, पण पिशवीत टाकण्याआधी प्रत्येक शंख तळहातावर ठेवून थोडं थांबायचा नियम करा. आत खेकडा असेल तर पाय काढून चालायला लागतो. असा शंख परत वाळूत ठेवायचा. घरी नेलेल्या पिशवीत मेलेला खेकडा निघाला की मुलांना फार वाईट वाटतं.

काही चावलं-डसलं तर चोळायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, जेलीफिशचा धागा चिकटला असेल तर तो काडीने अलगद उचलून काढायचा आणि सरळ अलिबागला डॉक्टरकडे जायचं. आम्हाला कधी वेळ आली नाही, तरी जाताना दवाखाना कुठे आहे ते रिक्षावाल्याला विचारून ठेवते.

रात्रीचं जेवण, आणि पोपटी

डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर पोपटीबद्दल आधीच विचारून ठेवा. मातीच्या मडक्यात आतून भांबुर्ड्याचा पाला लावतात. त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर मसाला लावलेली कोंबडी, जाडं मीठ आणि ओवा यांचे थर भरतात. पाण्याचा थेंब घालत नाहीत. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं जमिनीवर उपडं ठेवतात आणि भोवती पेंढा-काटक्या रचून जाळ करतात. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. थेंब चर्रकन उडून गेले की पोपटी झाली. पाल्याचा तो कडवट-गोड वास मुलांच्या कपड्यांना दोन दिवस येत राहतो.

मुलांसाठी दोन सूचना. भरतानाच सांगून अंडी आणि बटाटे बिनमसाल्याचे, एका बाजूला ठेवून घ्या. आणि जाळ पेटवण्याआधी काठीने जमिनीवर एक मोठी रेघ ओढा. रेघेच्या आत फक्त काका जाणार, आपण बाहेरून बघणार. बोललेली गोष्ट लहान मुलं विसरतात, डोळ्यांना दिसणारी रेघ पाळतात.

एरवी तांदळाची भाकरी, वरणभात, नारळाच्या दुधातली फिकी सोलकढी हे मुलांना चालतं. मासे द्यायचे तर पापलेटचा मधला तुकडा द्या, काटा एकच आणि सरळ असतो. पहिल्यांदाच मासा खाणाऱ्या मुलाला प्रवासात नको, आधी घरी खाऊन झालेलं असू द्या.

रविवार: कुलाबा किल्ला

सकाळी साडेसातच्या आत नाश्ता. घावणे आणि नारळाची चटणी, मुलांना घावणे-गूळ. मग सामान आवरून गाडीत किंवा मावशींकडे ठेवायचं आणि अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या एक तास आधी पोहोचायचं.

ओहोटीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, एवढाच वेळ तुमचा, हे मनात घट्ट धरा. पहिल्या खेपेला आम्ही ते धरलं नव्हतं. किल्ल्यात विहिरीपाशी मुलं रमली, आम्हीही रमलो, आणि परत निघालो तेव्हा वाटेतल्या सखल भागात पाणी माझ्या गुडघ्याच्या वर आलं होतं. धाकटी नवऱ्याच्या खांद्यावर, थोरल्याचा हात माझ्या हातात, आणि तळाचा दगड पायाला दिसत नव्हता. पाचच मिनिटांचं अंतर असेल, पण त्या पाच मिनिटांची आठवण आजही अंगावर काटा आणते. आता मी किल्ल्यात शिरतानाच मोबाइलवर परतीचा गजर लावते आणि तो वाजला की कुठेही असलो तरी उठतो.

चालत जावं की घोडागाडीने? दोन लहान मुलं असतील तर जाताना घोडागाडी घ्या. उंच चाकांची गाडी पाण्यातून जाते तेव्हा चाकाच्या आऱ्यांवरून पाणी निथळतं ते बघत मुलं गप्प बसतात. येताना वेळेत निघालात तर चालत या. गाडीवाल्याला उतरतानाच विचारा, “काका, किती वाजेपर्यंत परत यायला हवं?” ते घड्याळ न बघता पाण्याकडे बघून सांगतात आणि त्यांचंच खरं मानायचं. मागच्या वेळी आमचे काका म्हणाले होते, “ताई, त्या खडकाचं डोकं बुडायच्या आत अलीकडे या.” थोरला मग तटावरून सारखा त्या खडकावर पाळत ठेवून होता.

किल्ल्यात मुलांना काय दाखवायचं? सगळं नाही. चार गोष्टी पुरतात.

महादरवाज्यावर प्राणी-पक्षी कोरलेले आहेत. कोण जास्त शोधतं ते बघा. मग तटाचे दगड. मोठमोठे दगड चुना न भरता एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. थोरल्याने फटीत हात घालून बघितला आणि त्याला ते एका क्षणात कळलं, मला समजवावं लागलं नाही. तिसरं, गोड्या पाण्याची विहीर. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोडं. इथे मुलांचा हात सोडायचा नाही, बाजूच्या पुष्करणीपाशीही. चौथं, चाकांवरच्या दोन इंग्रजी तोफा. त्यांच्यावर चढू देऊ नका, उन्हात लोखंड तापलेलं असतं.

सिद्धिविनायकाचं मंदिर राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलं. तिथल्या सावलीत पाण्याची बाटली आणि खाऊचा डबा उघडायचा. गोष्ट सांगायची ती इथेच. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा मोठा तळ झाला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. सहा वर्षांच्या मुलाला एवढी एकच गोष्ट पुरते, पण ती त्या तटावर बसून ऐकलेली असते. परत आल्यावर वेळ असेल तर गावातली कान्होजींची समाधी बघा, दहा मिनिटांत होते. ज्याची गोष्ट ऐकली त्याला नमस्कार करायला मुलं आपणहून थांबतात.

जवळच किनाऱ्यालगत भूचुंबकीय वेधशाळा आहे. आत जायला परवानगी लागते, बाहेरूनच बघायची. पण तिची गोष्ट मोठ्या मुलाला जरूर सांगा. आधी ही वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यात होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या विजेने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ साली ती इथे अलिबागला आणली, आणि इमारतही चुंबकाला न खेचणाऱ्या दगडाची बांधली. दहा-वीस रुपयांचं होकायंत्र जवळ असेल तर त्याच्याजवळ लोखंडी किल्ली नेऊन सुई कशी हलते ते दाखवा.

आक्षीला राहिला असाल तर तिथला शिलालेखही विचारून बघून या. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा त्याचा काळ वाचला गेला आहे आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये तो गणला जातो. मुलांना त्यात दगडापलीकडे फार दिसणार नाही. आम्ही दोघं मात्र आळीपाळीने त्याच्यापुढे बराच वेळ उभे होतो.

परत निघताना

किल्ल्यावरून आल्यावर सरळ जेवण आणि परतीचा रस्ता, मध्ये आणखी एखादा किनारा घुसवू नका. कोर्लई, रेवदंडा, कनकेश्वर हे सगळं सुंदर आहे आणि पुढच्या खेपेसाठी आहे. कनकेश्वरच्या साडेसातशेच्या आसपास पायऱ्या कडेवर मूल घेऊन चढणं कुणालाच आनंदाचं होत नाही.

दुपारी दोन-अडीचची बोट धरा. संध्याकाळच्या शेवटच्या फेऱ्यांना मांडव्याला रांग लागते आणि दमलेल्या मुलांना रांगेत उभं करणं कठीण. या वेळी धाकटी बोट सुटायच्या आधीच झोपते. म्हणून तिचा कोरडा कपड्यांचा एक जोड, पंचा आणि पाण्याची बाटली बॅगेत सर्वांत वर ठेवायची.

फेब्रुवारीनंतर गेलात तर वाटेत पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. अलिबागच्या या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चवीला गोडसर, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही, आमचा थोरला पोळीबरोबर खातो. माळ घेताना मानेशी दाबून बघा, मऊ लागली तर दुसरी घ्या. कांदे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणू नका, घाम धरतात. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीत, हवा खेळेल अशा जागी माळ टांगायची आणि लागतील तसे खालून एकेक काढायचे.